माझी खाट आणि भूषणचा वूफर

२ नोव्हेंबर, रविवार

माझी खाट हलवली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. नळाला पाणी आलं म्हणून मी मागं गेले, बादली भरून परत येते तर खाट खिडकीपासून चार हात लांब, खोलीच्या बरोबर मधोमध, मांडवात नवरदेवाची खुर्ची ठेवतात तशी. उशीसुद्धा उलटी.

तर जय भीम. वही आजपासून चालू. ही भूषणच्या ऑफिसातली २०१९ सालची डायरी, कोरीच पडली होती. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून मी खरे लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धी. पण तोंडानं बोललं की भांडण होतं, आणि भांडण झालं की सून दोन दिवस भाजीत मीठ कमी घालते. म्हणून लिहिते.

घरात माणसं चार. मी आक्काबाई. मुलगा बुद्धभूषण, सत्तेचाळीस वर्षांचा, सरकारी ऑफिसात क्लार्क. सून राखी, शाळेत बाई. नात पिंकी, कॉलेजला जाते असं म्हणते. पिंकीच्या आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली, ते यात येणार नाहीत.

खिडकीचं सांगते. एकतीस वर्षं माझी खाट त्या खिडकीला लागून आहे. गल्लीतल्या सात घरांच्या किल्ल्या माझ्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या असतात. गॅसवाला आधी मला विचारतो, मग घंटी वाजवतो. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं पार्सल आलं, सगळी चौकशी माझ्या खिडकीत. शेजारची सुमनबाई दिवसातून चार वेळा येऊन गजाला धरून उभी राहते. खिडकी काढली तर मी म्हणजे खुर्ची गेलेला साहेब.

भूषणला विचारलं, "खाट का हलवली रे?"

"आई, इथं थिएटर करायचंय."

"कुठं?"

"इथंच. ह्या खोलीत."

थिएटर मला सांगू नका म्हणावं. गुडघे धड होते तोवर मी दर रविवारी टॉकीजला जायचे. आता पायऱ्या चढवत नाहीत, तीन वर्षं झाली. आणि घरच्या टीव्हीवर पिक्चर म्हणजे ताटात वाढून ठेवलेलं गार जेवण. टॉकीजमध्ये घोडा पडद्यावर पळाला तरी आपल्या छातीत पळतो. हे मी उन्हाळ्यात जेवताना एकदा बोलले होते. भूषण तेव्हा ताटात बघत बसला होता. ऐकलंसुद्धा नसेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

थिएटरला वूफर लागतो. विकत मिळतो, पण विकतचा ह्याला नको, स्वतः करायचा आहे. ज्या माणसानं जन्मात ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलला नाही, मी बदलला, तो वूफर करणार. मोबाइलवर एक दाढीवाला गोरा दिवसभर लाकूड कापतो, ते भूषण बघतो आणि पेपरच्या कडेला आकडेमोड करतो. आजचा पेपर मी वाचायच्या आधी पार काळा केला.

मी विचारलं, "त्या वूफरनं होतं काय?"

"बेस येतो, आई. एकदम खालचा आवाज. तो कानाला ऐकू येत नाही, अंगाला जाणवतो."

"असलं काहीतरी घरात आहे की आधीच," मी म्हणाले. "राखीचा राग."

राखी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. आज मीठ बरोबर होतं, म्हणजे उद्या कमी पडणार.

९ नोव्हेंबर, रविवार

द्वारका चौकात गेलो, झिपरू मिस्तरीकडं. मीही गेले. भूषण नको म्हणत होता, पण आमच्या घरातलं कपाट, पाट, पिंकीचा पाळणा, सगळं झिपरूच्याच हातचं. तो भूषणचं ऐकून घेतो, करतो माझ्या मनाचं. चौकात रिक्षा अर्धा तास अडकली. तेवढ्या वेळात भूषणनं रिक्षावाल्याला बेस समजावून सांगितला. रिक्षावाला म्हणाला, "माझ्या गाडीत नका टाकू, भाऊ, पत्रा सैल आहे."

भूषणनं वूफरच्या डब्याचं चित्र काढून नेलं होतं, झिपरूनं तो कागद उलटासुलटा करून बघितला.

"साहेब, दार कोणत्या बाजूला?"

"दार नाही."

"मग कडी?"

"दार नाही तर कडी कशाला? चारी बाजूंनी बंद पाहिजे. हवासुद्धा बाहेर जायला नको."

झिपरू माझ्याकडं वळला. "आजी, आत ठेवायचं काय?"

"हवा," मी म्हणाले.

"अठरा एमएमचा प्लाय, हवा ठेवायला?"

"आणि पुढच्या बाजूला बारा इंचाचं गोल भोक," भूषण म्हणाला.

झिपरू खाली बसला. "आत्ता म्हणाले हवा जायला नको. कबुतरं पाळायचीत का, साहेब? स्पष्ट सांगा, मी कोणाला बोलत नाही."

मग भूषणनं मोबाइल दाखवला. झिपरूनं सगळा व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "तो गोरा चुकतोय. चाळीस वर्षं काम करतोय मी, बिनदाराचं कपाट माझ्या हातून गेलं नाही. उद्या लोक विचारतील, मिस्तरी, दार विसरला का?" भूषण ऐकेना, झिपरू ऐकेना. शेवटी मी मध्ये पडले. मागची फळी खिळ्यांनी ठोकायची नाही, सोळा स्क्रूंनी बसवायची. म्हणजे भूषणच्या लेखी बंद आणि झिपरूच्या लेखी दार. दोघंही खूश झाले. माझ्यासारखी एखादी त्या ऑफिसात असती तर फायली अशा कुजल्या नसत्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मला कळलं.

मी मागच्या ओट्यावर मेथी निवडत होते. भूषण मोरीच्या पलीकडं फोनवर. त्याला वाटलं मी झोपलेय. फोन येवल्याला, ललिताला. ललिता माझी मुलगी. म्हणत होता, "तू आईला आठ-दहा दिवस घेऊन जा ना. ती असली की काही करता येत नाही. प्रत्येक गोष्टीत विचारते. नाही, नाही, तिला आत्ता काही सांगू नको. सगळं बसवून झालं की मग."

मेथी तशीच राहिली.

आधी खाट खिडकीपासून मधे. मग मधून येवल्याला. मग इथं सगळं बसवून झालं की मला बसायला जागा कुठं? माणसाला घरातून असंच काढतात, एकदम नाही, चार-चार हातांनी. ललिताचं घर चांगलं आहे, जावईही बोलत नाही फारसा, म्हणजे चांगलाच. खिडकी आहे त्यांच्या घराला. समोर भिंत आहे. माणसानं भिंतीला किती वेळ विचारायचं, काय गं, कुठं निघालीस?

माझं सरळ आहे. वूफर वाजला नाही तर थिएटर नाही. थिएटर नाही तर खाट जागेवर.

१६ नोव्हेंबर, रविवार

डबा आला. टेम्पोतून दोघांनी उतरवला. माझ्या गव्हाच्या कोठीएवढा आहे. झिपरूनं वर सनमायका लावलाय, सागवानी, न सांगता. म्हणाला, "दार नाही, निदान तोंड तरी चांगलं दिसू दे."

सुमनबाई बघायला आली. गोल भोकातून आत हात घातला, चाचपलं, बाहेर काढला, वास घेतला.

"कोठी का हो, आक्काबाई? भोक वर ठेवलंय, गहू सांडणार नाहीत."

"भूषणला विचार."

भूषणनं विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. ती चहा न घेता गेली.

दुपारी त्यानं भोकात तो काळा भोपळा बसवला, त्याला स्पीकर म्हणायचं, मागं लाल-काळ्या वायरी जोडल्या, वेगळं एक मशीन आहे त्यात घातल्या. सगळे उभे राहिलो. राखीनं कानात बोटं घातली. वाजवलं.

घुम्म, घुम्म, घुम्म. रिकाम्या टाकीत कोणी उलटी बादली आपटतंय असं. पिक्चरमध्ये माणूस दार लावत होता की ढोल वाजवत होता, कळेना. पिंकी म्हणाली, "पप्पा, सगळं एकाच सुरात येतंय." भूषणचं तोंड उतरलं. "बूम येतोय," म्हणाला. "बेस येत नाही." रात्री पेपरवर परत आकडे.

मला बरं वाटलं. पण माणूस हट्टी आहे, माझाच आहे. आकडे करत करत एक दिवस जमवेल. त्याच्या आधी बंदोबस्त केला पाहिजे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ललिता येवल्याहून पहिल्या एसटीनं आली. "चल आई, दहा दिवस माझ्याकडं. हवा बदलेल."

"हवा भूषण डब्यात भरतोय. इथंच बदलेल."

"अगं, इथं पॉलिशचा वास, धूळ..."

"मी गिरणीशेजारी पोरं वाढवली. धूळ मला नवीन नाही."

ती भूषणकडं बघते, भूषण छताकडं. जेवून परत गेली. जाताना माझ्या पायाला हात लावून हसत होती. हसण्यासारखं काय होतं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

काम झालं. नीट लिहून ठेवते.

सकाळी सगळे गेले. राखी शाळेत, भूषण ऑफिसात, पिंकी कॉलेजला असं म्हणून. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, डब्यामागं पाट टाकून बसले, सोळा स्क्रू काढले. एक तास लागला. झिपरूचा हात घट्ट आहे, त्याला शिव्या दिल्या. फळी निघाली. आत अंधार, आणि नवीन लाकडाचा वास.

डबा ओरडतो कशामुळं? पोकळ आहे म्हणून. पोकळ माणूस पण ओरडतो. तोंडात बोळा कोंबला की गप्प. माळ्यावर जुनी गादी होती, ती पिंकीकडून मी परवाच उतरवून घेतली होती, ऊन दाखवायला म्हणून. उसवली. कापूस आत कोंबायला घेतला, पहिला गोळा हातात आला आणि मला राहवेना. दगडासारखे गठ्ठे झालेले. असला कापूस मी कधी कोणाच्या गोधडीत घातला नाही, ह्या डब्यात का घालू? तीस वर्षं मी गोधड्या शिवून घर चालवलं. आजही माझा टाका गल्लीतली कोणतीही बाई लांबून ओळखते. घात करायचा तरी तो नीट करावा.

म्हणून सगळा कापूस बोटांनी पिंजला. अगदी सुटा, फुंकर मारली तर उडेल असा. चार तास. नाकात गेला, केसात गेला. मग वाटलं, सुटा कापूस उडून त्या भोपळ्यात गेला तर वास येईल, जळेल, संशय येईल. म्हणून जुन्या सुती साडीचं अस्तर केलं, त्यात कापूस सारखा पसरला आणि धावदोरा घातला, बोटभर अंतरावर, गोधडीला घालते तसाच. ती गोधडी डब्याच्या चारी भिंतींना आतून लावली, लहान लहान खिळ्यांनी. उरलेला कापूस मधे सैल सोडला, त्यालाही साडीची पिशवी. वायरींना हात लावला नाही, त्यांच्यापुरती वाट ठेवली. मागची फळी लावली. स्क्रू लावले.

आणि पिंकी दारात उभी.

"आजी, काय करतेस?"

"गोधडी."

"डब्यामागं बसून?"

"इथं ऊन येतं."

ऊन येत नव्हतं. तिनं माझ्या डोक्यावरून कापूस काढला, खाली वाकली, पाटाखालून एक स्क्रू उचलून माझ्या हातात दिला. "हा तुझ्या गोधडीचा राहिलाय." आणि आत गेली. पोरगी हुशार आहे, कॉलेजला जात नसली तरी.

२३ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू?

भूषणनं सकाळी परत वाजवला. मी खिडकीजवळ उभी, पदर तोंडाला, हसू येत होतं. पिक्चरमध्ये हत्तींचा कळप होता. आधी काहीच ऐकू आलं नाही. म्हटलं, मेला. बोळा बसला.

मग माझ्या तळव्याखालची फरशी हलली. हत्तीनं पाय टाकला, तो माझ्या पोटरीतून वर आला, पोटात आला, छातीत येऊन थांबला. दुसरा पाय. तिसरा. घुम्म नाही, टाकी नाही. हत्तीच. राखीच्या कानातली बोटं निघाली. पिंकीनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

"जमलं!" भूषण ओरडला. "आई, जमलं! मशीनवरचं ते कटऑफचं बटण मी काल साठवर आणलं, त्यानं जमलं!"

चार तास पिंजले मी. आणि कटऑफनं जमलं.

एवढ्यावर थांबला नाही. दोघातिघांनी मिळून डबा उचलला आणि ठेवला कुठं, माझ्या खाटेवर. माझ्या अंथरुणावर, मधोमध. मग एकसारखा घूं असा आवाज लावला आणि माझा सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा, सरकारी नोकर, चार पायांवर उतरून खोलीभर रांगायला लागला. फरशीला कान लावून. कोपऱ्यात थांबतो, मान हलवतो, पुढं सरकतो.

"हे काय चाललंय?"

"आई, असंच करतात. जिथं बसून पिक्चर बघायचा त्या जागेवर आधी वूफर ठेवायचा. मग खोलीभर रांगायचं. जिथं आवाज सगळ्यात चांगला लागतो ती वूफरची कायमची जागा."

मला त्यातलं एवढंच दिसलं की खाटेवर डबा बसलाय आणि मी उभी आहे. बसायला जागा मागितली तर म्हणतो, "आई, पाच मिनिटं, तुझ्याचसाठी चाललंय." सगळे असंच म्हणतात. रस्ता रुंद करायला घर पाडतात तेव्हाही हेच म्हणतात.

"आई, बघा, तुमचं बाळ चालायला लागेल आता," राखी म्हणाली. आज पहिल्यांदा तिचं बोलणं मला आवडलं.

सुमनबाई खिडकीत आली. "काय हो, भूषणचं काही हरवलं का?"

"अक्कल," मी म्हणाले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुमनबाईच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तिच्या बाजूला तिची भांड्यांची मांडणी आहे, वरच्या फळीवर सात तांब्याचे गडू, आईनं दिलेले. काल हत्ती चालले तेव्हा गडू एकेक पाऊल पुढं आले म्हणे, रांगेत. शेवटचा पडला. तो घेऊनच आली. पोचा दाखवला.

मला हे हवंच होतं. मी म्हणाले, "सुमनबाई, तुम्ही तक्रार करा. लेखी करा. मी सही करते."

"घर तुमचं, आवाज तुमचा, आणि सही पण तुमची?"

"माझं राहिलंय कुठं घर," मी म्हणाले, आणि खाट दाखवली.

तिनं खाट बघितली, मला बघितलं, गडू पदरात घेतला. "तुम्ही त्याला सांगितलं का, तुम्हाला खिडकी पाहिजे?"

"सांगायचं काय त्यात? एकतीस वर्षं बसलेली दिसत नाही का?"

"पुरुषांना सांगावं लागतं, आक्काबाई. दिसतं ते त्यांना समोरच्या पडद्यावर." तक्रार न करताच गेली. बिनकामाची बाई.

३० नोव्हेंबर, रविवार

खिडकीला काळा पडदा लावला. उजेड येतो म्हणे.

ऑफिसातली चार माणसं आली होती. खाट मधे, त्यावर मला बसवलं, देखाव्यात मूर्ती बसवतात तसं. ती चौघं खाली सतरंजीवर. भूषणनं प्रत्येकाला डबा दाखवला, आकडे सांगितले, पोटातली हवा किती, ती मागं कशी ढकलते. "सगळं गणित आहे," म्हणाला. त्यातला एक जण म्हणाला, "बुद्धभूषण, एवढा मऊ बेस विकतच्याला नसतो. आत काय टाकलंय?"

"काही नाही. हवा."

पिंकीला ठसका लागला. मी तिच्या पाठीत मारली, जरा जोरात.

पिक्चर चांगला होता हे खरं. विमान पडलं ते माझ्या बरगडीत पडलं. पण बाहेर कोणाची तरी हाक येत होती, "आक्काबाई, किल्ली!" आणि मी पडद्यामागं, मधोमध, चार हात लांब. उठून जाईपर्यंत हाक मारणारी दुसरीकडं गेली. कोण होती ते पण कळलं नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा.

६ डिसेंबर, शनिवार

आज घरात आवाज नाही. टीव्ही नाही, डबा नाही. सगळे पांढऱ्या कपड्यात पुतळ्याला जाऊन आलो. गर्दी फार. पिंकीनं माझा हात सोडला नाही.

७ डिसेंबर, रविवार

भूषणच्या मोबाइलवर वूफर करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथल्या कोणीतरी विचारलं, आतून कसा केलाय, फोटो टाका. म्हणून तो सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला.

मी म्हणाले, "भूषण, नको उघडू, बसलेलं बिघडेल."

"सोळा स्क्रू तर आहेत, आई."

"झिपरूनं घट्ट मारलेत."

"नाही गं, सैल आहेत. कोणीतरी आधी..." आणि थांबला. एकेक काढले. फळी बाजूला ठेवली. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं.

मी तांदूळ निवडत होते. निवडलेलेच परत निवडले.

खूप वेळ बघत होता. बोट आत घातलं, धावदोऱ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. माझी गोधडी अंगावर घेऊन तो दहावीपर्यंत झोपला, पण पुरुषाला टाका कुठला कळतोय. मग फळी परत लावली, सोळाही स्क्रू. फोटो काढला नाही. हातपाय धुवून आला, माझ्यासमोर पाटावर बसला, माझ्या सुपातले तांदूळ निवडायला लागला. चांगलेच दाणे बाजूला काढत होता.

मला वाटतं त्याला दिसलंच नाही. आत अंधार, त्यात त्याचा चष्मा जुना. राखीला सांगितलं पाहिजे, नंबर तपासून आणायला.

९ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसातून आला, बूट काढायच्या आधीच विचारलं. "आई, खाट कुठं पाहिजे तुला?"

मी म्हणाले, "येवल्याला."

"अं?"

"मी ऐकलंय सगळं. ललिताला फोन करत होतास ते. म्हातारीला घेऊन जा, ती असली की काही करता येत नाही. तिला सांगू नको."

मग डोक्याला हात लावून खाली बसला, बुटासकट. राखी आतून म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं, आधी सांगा त्यांना. तुमचं ते सरप्राइज." पिंकी हसायला लागली ती थांबेना. सरप्राइज म्हणजे काय ते मला माहीत आहे, वाढदिवसाला करतात. माझा वाढदिवस कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. मग कसलं?

"आई," भूषण म्हणाला, "ती मधली जागा सगळ्यात चांगली आहे. सगळं त्या जागेवरून मोजलंय. तिथं छातीत येतं, तू म्हणतेस तसं."

"येत असेल. मला खिडकी पाहिजे."

"खिडकीपाशी बेस बरोबर येणार नाही."

"मला गॅसवाला बरोबर येतो तिथं."

त्यानं बूट काढले. मग म्हणाला, "खाट खिडकीला नेली तर वूफरची जागा सगळी पहिल्यापासून शोधावी लागेल."

"शोध की. तुझे गुडघे चांगले आहेत."

खाट आत्ताच हलवून घेतली. उद्यावर टाकलं की ऑफिसातल्यासारखं होतं. गजाला हात लावून बघितला. सातही किल्ल्या आहेत.

ललिताचा फोन आला. "आई, आवडलं का गं?" मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही, जाऊ दे." ह्या घरात कोणी वाक्य पुरं करत नाही. आणि जिंकले मी, तर सगळे खूश का आहेत तेही कळत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

वूफरची जागा सापडली. दीड दिवस रांगला, पँट गुडघ्यावर फाटली. जागा निघाली सुमनबाईच्या भिंतीचा कोपरा. बाकी कुठंच माझ्या खाटेपर्यंत छातीतला आवाज पोचत नाही. मी म्हणाले, तिचे गडू पडतील. तर भूषण शहाणा, काल स्वतः जाऊन तिचे गडू खालच्या फळीवर ठेवून आला, खाली जाड कापड घालून. पोचा आलेला तांबटाकडून ठोकून आणला. तरी ती तोंड फुगवून आहे. गडूंचं तिला काही नाही, तिला बोलावलं नाही म्हणून. बोलवीन. दोन दिवस फुगू दे.

संध्याकाळी पिक्चर लावला. मी खिडकीत, खाटेवर, पाय वर घेऊन. राखीनं शेंगा भाजून दिल्या, मीठ बरोबर. खिडकी अर्धी उघडी, अर्धी गल्ली इकडं, अर्धा पिक्चर तिकडं. पिक्चरमध्ये घोडे होते. पहिला पळाला आणि माझ्या बरगडीला येऊन धडकला. भूषण पडद्याकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. जास्त बोललं की तो दुसरा करायला घेईल.

तेवढ्यात बाहेरून, "आक्काबाई! आक्काबाई, किल्ली द्या! आणि ते घोडे कुठं चाललेत तुमचे?" सुमनबाई. गजाला धरून, बघायला मान आत.

तिकडं घोडा कड्यावर पोचला होता. उडी मारतो की नाही, तोच क्षण. चौघंही माझ्याकडं बघायला लागले, घोड्यासकट.

म्हणून इथं लिहून ठेवते, आणि हे पान पिंकीनं सगळ्यांना वाचून दाखवायचं, बाकीची पानं नाहीत. पिक्चर चालू असेल तेव्हा काळा पडदा मी स्वतः ओढीन. त्यानंतर खिडकीत कोणी आलं, किल्ली मागितली, गडू दाखवला, गॅसची टाकी आणली, तरी मला हाक मारायची नाही. उठायचं भूषणनं, बाहेर जायचं भूषणनं आणि उत्तर द्यायचं ते भूषणनंच.